मोठीबाय दुसरा भाग आणायला गेली

आमच्या घरात पुस्तक म्हणून जे काही होतं ते सगळं देवाचं होतं. एक प्रार्थनेचं, एक गीतांचं, आणि एक आजोबांच्या वेळचं जाडजूड, ज्याची पानं हात लावला की पापडासारखी मोडायची. तिन्ही ओटीवरच्या वेदीखाली, मेणबत्त्यांच्या डब्याशेजारी ठेवलेली. माझी शाळेची पुस्तकं कुणी पुस्तकांत धरत नसे. वर्ष संपलं की मळ्यातली जास्तीची वांगी द्यावीत तशी ती शेजारी दिली जायची. पुढे त्याच ओटीवर विषप्रयोग होतील, कुलूपबंद खोलीत म्हातारा मरेल आणि ते ऐकायला अर्धं गावठाण आमच्या दारात बसेल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर आईने त्याच्या नावाने मेणबत्ती लावली असती.

गोराईतलं आमचं घर कौलारू. पुढे ओटी, मध्ये काळोखी खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे विहीर आणि विहिरीपलीकडे मळा. बाबा मळा करायचे. आई ती भाजी टोपलीत घालून सकाळच्या बोटीने खाडी ओलांडायची आणि बोरिवलीच्या बाजारात बसायची. ती परत येईपर्यंत घर मोठीबायचं. मोठीबाय म्हणजे बाबांची थोरली बहीण, रेजिन. तिने लग्न केलं नव्हतं. "करायचं राहून गेलं," असं ती म्हणायची, बाजारातून मीठ आणायचं राहून गेल्यासारखं. तरुणपणी तीच टोपली घेऊन बाजारात जायची. एका पावसाळ्यात धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ते नीट सांधलं गेलं नाही, आणि मोठीबाय ओटीवरच्या हातांच्या खुर्चीत बसली ती बसलीच. रात्री आई आणि बाबा तिला धरून पलंगावर न्यायचे, सकाळी परत खुर्चीत. "देवाने पाय घेतले, पण तोंड ठेवलं," असं बाबा म्हणायचे, आणि ते तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे.

तिला ऐकू मात्र सगळं यायचं. विहिरीचा रहाट कुरकुरला की पाणी कोण काढतंय ते ती ओळखायची. बोटीच्या इंजिनाचा सूर बदलला की "अंतोन आला," म्हणायची. स्वयंपाकघर दोन खोल्या आत, तरी आईने कढईत कांदा टाकला की ओटीवरून आरोळी यायची, "तेल तापलं नाय अजून!" आई चिडायची, पण मोठीबायचं खरं असायचं. मे महिन्यात वर्षाचा मसाला कुटायला बायका यायच्या, तेव्हा तर ती राणीच. मिरच्या, धणे, हळद, आणखी कितीतरी जिन्नस अंगणात वेगवेगळे भाजले जायचे, मग मुसळं एकाआड एक पडायची, धप्प-धप्प-धप्प, आणि सगळ्या बायका डोक्याला फडकी बांधून शिंकत शिंकत गाणी म्हणायच्या. शेवटी तो मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठोकून भरला जायचा. तांदळाची भाकरी आणि त्या मसाल्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण हे आमचं जेवण. घरातल्या पडद्यांना, उशांना, माझ्या कॉलेजच्या पिशवीलासुद्धा त्याचा वास असायचा. आम्हाला तो वास येत नसे. आपल्या घराचा वास आपल्याला कुठे येतो?

एक सांगून ठेवते. आमची घरची बोली वेगळी आहे. ती जशीच्या तशी उतरवली तर वाचणाऱ्याला अडखळायला होईल, म्हणून मोठीबायचं बोलणं मी थोडं सोपं करून लिहिते आहे. ती वर असेल तिथून मला रागवत असणार.

मी तेव्हा बोरिवलीच्या कॉलेजात जाऊ लागले होते. माझा आवाज इतका बारीक की हजेरीला 'प्रेझेंट' म्हटलेलं सरांना ऐकू जायचं नाही, आणि मी वर्गात बसलेली असताना माझी गैरहजेरी लागायची. घरी मोठीबायपुढे कुणालाच बोलायला वाव नव्हता, त्यामुळे ती सवयच नव्हती. तासांच्या मधल्या वेळात मी स्टेशनजवळच्या मराठी वाचनालयात जाऊन बसायचे. पहिल्या मजल्यावर अभ्यासिका होती, पंखा होता आणि कुणी काही विचारत नसे. तिथल्या फळ्यावर एक दिवस वाचलं की आजारपणामुळे किंवा वयामुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना वाचनालयाचे स्वयंसेवक पुस्तकं घरी नेऊन देतात. शनिवारी कोपऱ्यातल्या टेबलावर दोन स्वयंसेवक कापडी पिशव्या भरत बसायचे. एक मंदाताई जाधव. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, ठसठशीत आवाज, साताऱ्याकडून आलेलं कुटुंब. लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात एका फळीवर पुस्तकं असायची, ती सगळी वाचून संपली म्हणून आपण वाचनालयात आलो, असं त्या सांगायच्या. दुसरे गुप्तेकाका, निवृत्त, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

दोन-तीन शनिवार मी नुसती जवळ जाऊन परत आले. मग मंदाताईंनीच हाक मारली. "काय गं, काय हवंय? बोल ना."

"माझी आत्या आहे. तिला चालता येत नाही."

"मोठ्याने बोल, इथे कुणी मारत नाही. कुठे राहते?"

"गोराई."

"गोराई म्हणजे ही इकडची वसाहत ना?"

"नाही. खाडीपलीकडचं गाव."

गुप्तेकाकांनी चष्मा काढला. "मंदाताई, आपली योजना घरपोच आहे. बोटपोच नाही."

"काका, तिचं घर खाडीपलीकडे आहे त्याला ती काय करणार? पुढच्या शनिवारी जाऊ." मंदाताईंचं उत्तर तयार होतं. गुप्तेकाका पाण्याला भितात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या शनिवारी ओहोटीची वेळ होती. बोट धक्क्यापर्यंत आली नाही, त्यामुळे शेवटचा टप्पा चिखलातून. मंदाताईंनी साडी खोचली आणि सरळ उतरल्या. गुप्तेकाका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एका हाताने बूट आणि पुस्तकांची पिशवी डोक्यावर धरून, दुसऱ्या हाताने बोट चालवणाऱ्या अंतोनच्या दंडाला लटकत आले. आमच्या ओटीवर पोचले तेव्हा त्यांच्या पोटऱ्या दिसत नव्हत्या.

"हा एवढा चिखल कुणी आणला?" मोठीबायने विचारलं.

"आम्ही वाचनालयातून आलोय, पुस्तकं घेऊन," मंदाताई हसत म्हणाल्या.

गुप्तेकाकांनी विचार करून पुस्तक निवडलं होतं. ख्रिस्ती घर, अंथरुणाला खिळलेली प्रौढ बाई, म्हणून एका संताचं चरित्र. मोठीबायने ते उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. "संतांचं मना ठाऊक हाय. ते सगळे शेवटी मरतात आन् चांगले असतात. दुसरं काय हाय?"

"दुसरं म्हणजे कसं?" काकांनी विचारलं.

"ज्यात एखादा वाईट माणूस असेल असं."

मंदाताईंच्या पिशवीत त्यांच्या स्वतःसाठी घेतलेली एक रहस्यकथा होती. तीच त्यांनी मोठीबायच्या मांडीवर ठेवली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

मोठीबाय गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली होती, आणि तिथे मास्तरांना ऐकू जाईल असंच वाचायचं असे. मनातल्या मनात वाचणं हा प्रकारच तिला पटत नसे. "तोंडातून निघालं नाय तर वाचलं कसं कळणार?" त्यामुळे ती वाचायची ते खड्या आवाजात, आणि मध्येमध्ये पात्रांना झापत. "अरे मेल्या, त्या दारातून जाऊ नको!" पहिल्या दिवशी आई आतून धावत आली, कुणाशी भांडण लागलं म्हणून. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका बोंबील निवडायचं काम घेऊन आमच्या पायरीवर आल्या. मग अंतोन बोट बांधून येऊ लागला. बाबा मळ्यातून लवकर परतू लागले. चर्चमधल्या फादरची सायकल आमच्या दारासमोर आली की तिची चेन नेमकी तेव्हाच ढिली व्हायची, आणि ती नीट बसवायला त्यांना एक अख्खं प्रकरण लागायचं.

माझ्या नातवाने मला परवा मोबाईलमध्ये पुस्तक वाचून दाखवणारा आवाज घालून दिला. आता गोराईतसुद्धा बटण दाबलं की वस्तू दारात येतात, त्यात हेही आलं. आवाज फार गोड आहे. पण तो कुणाला मेल्या म्हणत नाही, आणि मला झोप लागते.

तर दर शनिवारी मंदाताई आणि गुप्तेकाका यायचे. काका बोटीत डोळे मिटून बसायचे, पण यायचे. आई त्यांना भाकरी आणि तळलेली कोळंबी वाढायची. पहिल्यांदा ते "नको नको" म्हणाले, नंतर वाट पाहू लागले. पावसाळा गेला, थंडी आली, आणि मंदाताईंनी एक दोन भागांची जाडी कादंबरी आणली. महाबळेश्वरला एक बंगला. त्यात एक श्रीमंत म्हातारा आतून कडी लावलेल्या खोलीत मेलेला सापडतो, शेजारी अर्धा प्यालेला दुधाचा ग्लास. घरात त्याचा पुतण्या, आचारी, रोज येणारा डॉक्टर, आणि म्हाताऱ्याची बहीण, जी कित्येक वर्षं पलंगावरून उठलेली नाही. ही बहीण पलंगावर पडल्या पडल्या सगळ्यांच्या चुका बरोबर ओळखायची. मोठीबायला ती फार आवडली. "एकटी हीच शहाणी हाय त्या घरात," ती म्हणायची. बायकांचा संशय आचाऱ्यावर, बाबांचा पुतण्यावर. अंतोन रोज नवा माणूस धरायचा. पहिला भाग संपला तो असा, की इन्स्पेक्टर सगळ्यांना म्हाताऱ्याच्या बहिणीच्या पलंगाभोवती जमवतो, दार लावतो आणि म्हणतो, खुनी याच खोलीत आहे.

त्या शनिवारी दुसऱ्या भागासाठी ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मंदाताई आल्या, पण त्यांची पिशवी रिकामी होती. गुप्तेकाका आपल्या चिखलाच्या पायांकडे पाहत उभे राहिले.

"मोठीबाय, एक वाईट बातमी आहे," मंदाताई म्हणाल्या. "आमची समिती खाडीपलीकडची सेवा बंद करायचं म्हणतेय. एक तर अख्खा दिवस जातो. आणि दुसरं म्हणजे तक्रार आलीय. लेलेबाई म्हणून आमच्या जुन्या सभासद आहेत. त्यांचं म्हणणं, तुमच्याकडून परत आलेल्या पुस्तकांना सुक्या बोंबलाचा वास येतो आणि पानांवर मसाल्याचे डाग असतात. उद्या सभा आहे. तोवर दुसरा भाग देऊ नका म्हणून सांगितलंय."

पायरीवरच्या बायकांनी आपापले हात हुंगले.

"सभेला कोण बसतं?" मोठीबायने विचारलं.

"अध्यक्ष, चिटणीस. सभासदांनाही येता येतं."

"मी सभासद हाय ना?"

"आहात की."

"मग झालं. उद्या येते."

बाबा उठून उभेच राहिले. "बाय, वेडी झाली का तू? तू देवळात येत नाहीस. फादर तुझ्यासाठी प्रसाद घरी आणतात!"

"तेच तर," ती म्हणाली. "देव माझ्या घरी येतो. ह्यांना यायला काय झालं, ते विचारून येते."

रविवारी देवळात मिस्सा झाल्यावर आईने तिला लाल चौकड्यांचं लुगडं नेसवलं. ते लग्नकार्याचं होतं आणि पेटीत बरीच वर्षं घडी होऊन पडलं होतं. अंतोनने बोटीच्या दोराने खुर्चीला दोन बांबू बांधले. बाबा, अंतोन आणि शेजारचे दोघे अशा चौघांनी ती उचलली. मोठीबाय अंगाने काही कमी नव्हती. "हळू रे, मी काय मुळ्याची जुडी हाय?" असं ओरडत ती धक्क्यावर निघाली, आणि दारादारांतून माणसं बघत राहिली. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. बोटीत खुर्ची मधोमध ठेवली. इंजिन सुरू झालं, किनारा सुटला. मी तिच्या पायाशी बसले होते. तिने वाकून हात बाहेर काढायचा प्रयत्न केला, पण तो पाण्यापर्यंत पोचेना. अंतोनने ओंजळभर पाणी घेतलं आणि तिच्या हातावर ओतलं. तिने तो ओला हात तोंडावरून फिरवला. समोर बोरिवलीच्या इमारती मोठ्या होत चालल्या होत्या. "एवढी उंच कधी झाली गो ही?" तिने मला विचारलं. मी तर रोज पाहत होते.

पलीकडे आईच्या ओळखीच्या भाजीवाल्याचा टेम्पो होता. त्यात खुर्ची चढली, वाचनालयाशी उतरली, आणि मग तो जिना. प्रत्येक पायरीला ती सेंट अँथनीचं नाव घ्यायची आणि अंतोनला शिवी द्यायची. अभ्यासिकेतली मुलं पुस्तकं टाकून दारात आली. आत सभेचा चहा चालू होता. अध्यक्ष बर्वे, किडकिडीत, अतिशय सभ्य माणूस, हातातलं बिस्किट बशीत ठेवून उठले. लाल लुगड्यातली बाई, घामाने निथळणारे चार पुरुष आणि मी. मागे मंदाताई भिंतीला टेकून उभ्या, ओठ दाबून.

"आपलं काय काम आहे?" बर्व्यांनी विचारलं.

मोठीबायने माझ्या कमरेत बोट खुपसलं. "सांग गो, तू शिकलेली."

मी काहीतरी पुटपुटले. बर्वे कानाला हात लावून म्हणाले, "जरा मोठ्याने, बाळ." सगळे माझ्याकडे पाहत होते. मला हजेरीची आठवण झाली, आणि का कोण जाणे, रागच आला. "ही रेजिन. आमची मोठीबाय. तुमची सभासद आहे. तुम्ही तिची पुस्तकं बंद करताय, म्हणून ती आलीय." शेवटचं वाक्य बाहेर अभ्यासिकेपर्यंत गेलं असणार, कारण तिथली कुजबुज थांबली. माझ्या घशातून असा आवाज निघतो हे मलाही नवीन होतं.

"पण बाई," बर्वे हळूच म्हणाले, "तुम्ही आलात की! म्हणजे तुम्हाला येता येतं."

"आले ना," मोठीबाय म्हणाली. "आता बघा, एका मला आणायला किती माणसं लागली. चौघे उचलायला, एक बोट, एक टेम्पो, वर ही पोर. दर शनिवारी आम्ही असं यायचं, का तुमची एक पिशवी आमच्याकडे यायची? तुम्हीच सांगा सोपं काय ते."

चिटणीस हसले आणि लगेच खोकले. तेव्हा कोपऱ्यातून एक बाई बोलल्या. पांढरी साडी, घट्ट अंबाडा, मांडीवर पर्स. "येण्याजाण्याचं ठीक आहे हो. पण वासाचं काय? पुस्तक उघडलं की मासळीबाजारात आल्यासारखं वाटतं."

या लेलेबाई. मोठीबायने खुर्ची त्यांच्याकडे वळवायला लावली.

"वास येत असेल. खोटं कशाला बोलू? बायका बोंबील निवडत ऐकतात. पण बाई, तुमच्याकडून पुस्तक येतं ना, त्याला पण वास असतो. कुणाचं उदबत्तीचं, कुणाचं डोक्याच्या तेलाचं. महाबळेश्वरच्या त्या पुस्तकावर तर कुणीतरी आमरस सांडला होता. आम्ही काय तक्रार केली? आम्ही म्हटलं, चला, ह्यांच्याकडे आंबे चांगले आले यंदा."

"आमरस मी नाही सांडलेला!" लेलेबाई लाल झाल्या.

"मी कुठं तुमचं नाव घेतलं?"

"मी पुस्तक फार जपून वाचते. ते तर मी दोनदा वाचलंय. दुसऱ्या भागात तो डॉक्टरच खुनी निघतो तिथपर्यंत एका पानावर डाग दाखवा मला..."

लेलेबाई थांबल्या, पण उशीर झाला होता. अंतोन, ज्याने त्या दुसऱ्या भागासाठी मोठीबायला खांद्यावरून खाडीपार आणलं होतं, हळूच म्हणाला, "काय बोलल्या त्या?"

"डॉक्टर," शेजारी उभे असलेले बाबा म्हणाले, मेलेल्या आवाजात.

मोठीबायने लेलेबाईंकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता इथे खरोखर खून होतो.

"मीसुद्धा वाचलं नव्हतं हो," अध्यक्ष बर्वे खिन्नपणे म्हणाले. "दुसऱ्या प्रतीतला पहिला भाग चालू होता माझा."

लेलेबाईंनी पदर तोंडाशी धरला. वाचणाऱ्या माणसाने दुसऱ्या वाचणाऱ्या माणसाचं याहून मोठं नुकसान काय करावं? त्यांनाही ते कळलं. त्या उठल्या, आपली पर्स खुर्चीवर टाकली आणि म्हणाल्या, "माझी तक्रार मी मागे घेते. बर्वे, यांची पुस्तकं चालू ठेवा. पुस्तकांना कागदाची कव्हरं मी घालून देईन." मग स्वतः आतल्या कपाटाकडे गेल्या, दुसरा भाग काढला आणि दोन्ही हातांनी मोठीबायच्या मांडीवर आणून ठेवला. "माफ करा हं. जीभ माझी…"

"असू दे," मोठीबाय म्हणाली. "मना जिभेचं सांगू नका. मना ठाऊक हाय."

बर्व्यांनी सेवा चालू राहील असं तिथल्या तिथे जाहीर केलं. निघताना मोठीबायने मागणी केली की तिला एकदा सगळ्या कपाटांमधून फिरवून आणावं. चौघांनी खुर्ची पुन्हा उचलली. वाट अरुंद, बांबू कपाटांना लागायचे, मंदाताई पुढे होऊन "डावीकडे, थोडं डावीकडे" म्हणत होत्या. मोठीबाय दोन्ही बाजूंना हात पसरून पुस्तकांच्या पाठींवरून बोटं फिरवत गेली. शेवटच्या कपाटाशी तिने मला विचारलं, "हे सगळं वाचायचं राहिलंय?" मी हो म्हटलं. तिने मांडीवरचा दुसरा भाग छातीशी धरला. आणि मग, "घाई करा रे, बोट चुकेल."

परतताना बोटीत तिने सगळ्यांना बजावलं, खुनी कोण ते गावात कुणी बोलायचं नाही. बाबा आणि शेजारचे दोघे नीट राहिले. अंतोनचे हाल झाले. बायका आचाऱ्याला शिव्या देऊ लागल्या की तो उठून विहिरीवर जायचा आणि उगाच पाणी काढायचा.

पण खाडीवरचा वारा आणि दिवसभराची आरडाओरड यांनी मोठीबायचा घसा बसला. तोंडातून नुसती हवा यायची. तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी नको म्हणून पाहिलं, पण पायरीवर माणसं बसलेली होती. पहिल्या दिवशी मी दोन पानं वाचली तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "फिलू, तू वाचते का कबुलीजबाब देते? फादरशिवाय कुणाला ऐकू येत नाय." सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी वाचनालयातला तो राग आठवून वाचलं. तिसऱ्या दिवशी राग लागला नाही. नुसतं वाचत गेले, आणि अंगणाच्या टोकाला सायकलशी वाकलेल्या फादरनी मान डोलावली तेव्हा कळलं की आवाज तिथवर जातोय.

शेवटचं प्रकरण आलं त्या संध्याकाळी आईसुद्धा चूल सोडून बाहेर आली. इन्स्पेक्टर एकेकाचं म्हणणं खोडत चालला होता. पुतण्या सुटला. आचारी सुटला. अंतोन तोंड फिरवून बसला, कारण आता डॉक्टरची पाळी होती. मी पान उलटलं, आणि वाचायच्या आधी डोळे खाली गेले. डॉक्टरही सुटला होता. मी पुढची ओळ पाहिली. तिथे नाव होतं. त्या क्षणी सबंध गोराईत ते नाव फक्त मला ठाऊक होतं, आणि ओटीवरची, पायरीवरची, अंगणातली सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली होती. तसं सुख मला पुढे परीक्षेच्या निकालाने दिलं नाही, लग्नाने दिलं नाही. मी श्वास घेतला.

"वाच ना गो!" मोठीबायच्या बसलेल्या घशातून फाटका आवाज आला.

मी वाचलं. म्हाताऱ्याची बहीण. पलंगावरून न उठणारी. ती उठत होती. कित्येक वर्षं, घरात सगळे झोपले की, ती चालत होती.

एकदम गलका झाला. अंतोन उडी मारून उठला, "डॉक्टर नाय! डॉक्टर नाय!" असं ओरडत त्याने बाबांना मिठी मारली, आणि बायकांना कळेना की ह्याला डॉक्टरचं एवढं प्रेम कशाला. मोठीबाय डोळे विस्फारून बसली होती. "चालत होती? ती सगळा वेळ चालत होती? ढोंगी मेली!" आणि मग अंतोनने तिच्या पायांकडे संशयाने पाहत विचारलं, "मोठीबाय, तू पण…?" ती इतकी हसली की खुर्चीसकट हलू लागली. आईला तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. मला तिचं ते हसणं अजून दिसतं, लाल झालेले डोळे, आणि आवाज न फुटल्यामुळे नुसते गदगदणारे खांदे.

शनिवारी मंदाताईंना सगळं सांगितलं, आणि दोन्ही भाग आणखी आठवडाभर ठेवून घेतले. त्यांनी लेलेबाईंना सांगितलं. लेलेबाई म्हणे ऐकेचनात. आपण दोनदा वाचलं आहे, डॉक्टरच होता, दूध त्यानेच दिलं. मंदाताई म्हणाल्या, ते दुसरंच पुस्तक असेल. झालं. पुढच्या शनिवारी भरती होती आणि बोट थेट धक्क्याला लागली. आधी मंदाताई उतरल्या, मग डोळे उघडून गुप्तेकाका, आणि मग त्यांच्या हाताला धरून, पांढरी साडी सावरत लेलेबाई. बांधावरून त्या तरातरा आमच्या घरी आल्या, पायरीवरच्या बायकांमधून वाट काढत ओटीवर चढल्या आणि नमस्कार-चमत्कार काही न करता मोठीबायला म्हणाल्या, "दाखवा मला कुठे लिहिलंय ते. शेवटचं पान काढा."

मोठीबायचा घसा तोवर सुटला होता. तिने पुस्तक उचललं, पण उघडलं नाही. दुसऱ्या हाताने शेजारचं स्टूल पुढे ओढलं.

"शेवटचं पान आमच्याकडे शेवटी वाचतात," ती म्हणाली. "बसा. फिलू, पहिला भाग आण."